दामूअण्णांच्या बंदुकीसाठी सायलेन्सर

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी अकराची वेळ. रक्कम सात हजार रुपये. अठ्ठावीस सदनिका, प्रत्येकी अडीचशे. हजर सभासद एकोणीस. अध्यक्षस्थानी रेल्वेतून निवृत्त झालेले गायकवाड साहेब, खजिनदार म्हणून मी, आणि विशेष निमंत्रित म्हणून दामूअण्णा भोपी. विषय तीन होते, ठराव एकच झाला आणि तो एकमताने मंजूर झाला. दामूअण्णांच्या बंदुकीला सोसायटीच्या खर्चाने चांगल्यातला सायलेन्सर बसवून द्यायचा.

या गोष्टीला पाच वर्षं होतील. दामूअण्णा मागच्या वर्षी गेले. सभेचं टिपण मीच लिहिलं होतं आणि लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाण्याची टाकी, लिफ्टची दुरुस्ती, बंदुकीचा सायलेन्सर, असा तो तिसरा विषय होता.

बदलापूर पश्चिमेला बेलवलीत आमची सोसायटी आहे. ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन दामूअण्णांची होती. मुलांच्या आग्रहाने त्यांनी ती बिल्डरला दिली, पैसे मुलांनी वाटून घेतले, आणि अण्णांनी कंपाउंडच्या मागचा नदीकडचा तुकडा तेवढा स्वतःकडे ठेवला. पावसाळ्यात त्यात भात आणि भात निघाला की वाल. जमीन विकलेली माणसं बहुधा त्या जागेकडे फिरकत नाहीत. अण्णा रोज तिथूनच ये-जा करायचे. त्यांचा रस्ताच आमच्या गेटातून होता, आणि तो कुणी अडवायचा विचारही केला नाही.

सोसायटीच्या इमारतींना ए, बी, सी अशी नावं आहेत. अण्णांनी ती कधी घेतली नाहीत. ए विंग म्हणजे खलाटी, सखल भातजमीन, बी म्हणजे आंब्याखालचं, सी म्हणजे विहिरीकडचं. सी विंगच्या लिफ्टचा खड्डा जिथे आहे तिथे त्यांची विहीर होती असं ते सांगायचे. लिफ्ट बंद पडली की मिस्त्रीपाशी उभे राहून म्हणायचे, "इथं पानी चांगला होता रे. तुमी यो डबा टाकला." वॉचमनला हळूहळू त्याच नावांची सवय झाली. माझ्याकडे आलेल्या कुरिअरवाल्याला त्याने एकदा आंब्याखाली पाठवलं होतं.

ते उंच नव्हते. अंगात पांढरा सदरा, कमरेला गुडघ्यापर्यंत चौकड्यांचं फडकं, पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज. आणि पहाटे शेतात जाताना खांद्यावर बंदूक. पॉइंट टू-टू रायफल. वडिलांनी ती कुणा पारशी गृहस्थाकडून घेतली होती, सशाच्या शिकारीला मनाई नव्हती त्या काळात. अण्णांच्या नावावर परवाना आला तो पिकाच्या संरक्षणासाठी. नदीच्या झाडोऱ्यातून रानडुकरं यायची, आधी पिकल्या भातात, आणि वालाला शेंग धरली की एका पहाटेत अर्धं शेत उकरून ठेवायची.

आमच्या मुलांच्या दृष्टीने अण्णा शिकारी होते. संध्याकाळी कंपाउंडच्या कट्ट्यावर बसून ते मुलांना बिबट्याची गोष्ट सांगत. बिबट्या दर खेपेला वेगळ्या ठिकाणी मरायचा. एकदा माझ्या मुलीने हटकलं, "अण्णा, मागच्या वेळी तो नदीत पडला होता."

"तो त्याचा भाऊ," अण्णा म्हणाले.

मी एकटाच होतो तेव्हा त्यांनी खरं सांगून टाकलं. "सायब, माझा नेम कवाच नव्हता. बापाचा होता. मी चालीस वर्षांत एक ससा नाय मारला. बाप बोलायचा, दाम्या, तू बंदूक नुसती उचलून आन."

"मग डुकरं?"

"डुकराला कशाला मारू? परवानगी काढा, पंचनामा करा. मी बांधात मारतो. बांध काय चुकत नाय."

खरंच ते बांधाच्या ओल्या मातीत गोळी मारत. हवेत कधीच नाही, कारण वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येणार आणि खाली आता आमच्या इमारती होत्या. आवाज झाला की डुकरं पळायची. मोसमात फार तर आठवड्यातून दोनदा वेळ यायची. काडतुसं महाग होती आणि अण्णा काटकसरी होते.

शनिवारी ते बंदूक साफ करत. त्यांचं घर शेताच्या कडेला होतं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. मुलं आपापल्या ब्लॉकमध्ये राहायला गेली तरी हे तिथेच राहिले. पडवीत गोणपाट अंथरून, शिवणयंत्राचं तेल आणि लुगड्याच्या चिंध्या घेऊन बसायचे. लुगडं बायकोचं. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका वेळी बोटभर चिंधी फाडायचे, जास्त नाही. मी एकदा म्हटलं, "बाजारात पिवळं फडकं मिळतं, वीस रुपयाला."

"त्याचा धागा सुटतो," ते म्हणाले, आणि चिंधीची घडी घातली.

वालाचं पहिलं तोडणं झालं की अण्णा गोणी खांद्यावर घेऊन सोसायटीत यायचे. प्रत्येक दारात ओंजळीने शेंगा. पैसे विचारले तर रागवायचे. "तुमी माझ्या जागेत राहता. पाव्हन्याकडून पैसं घेतात काय?" पाहुणे आम्ही होतो हे त्यांच्या मनात अगदी पक्कं होतं. मग एका रविवारी शेतात पोपटी व्हायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, वर जाळ. गायकवाड साहेबांसारखा कडक माणूस तिथे चवड्यांवर बसून बोटं भाजत शेंगा सोलायचा.

त्या वर्षी बी विंगच्या पहिल्या मजल्यावर स्नेहल सावंतला मुलगी झाली. दिवस पुरे भरले नव्हते. मूल दीड किलोचं होतं आणि महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. घरी आणल्यावर दोन दिवसांनी पहाटे अण्णांची गोळी सुटली. स्नेहलच्या घराची मागची खिडकी शेताकडेच आहे. मूल दचकलं, निळं पडलं, स्नेहल ते छातीशी धरून अनवाणी जिना उतरली आणि रिक्षा मिळेपर्यंत गेटपाशी रडत उभी राहिली. मूल ठीक झालं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण मोठे आवाज टाळा.

अण्णांना हे वॉचमनने सांगितलं. ते तसेच स्नेहलच्या दारात आले, बंदूक घरी ठेवून. आत यायला तयार होईनात. स्नेहलची सासू म्हणाली, "या ना अण्णा, बघा तरी." मग शूज काढून आत आले आणि पाळण्यापासून चार हात लांब उभे राहिले. हातात गुळाची ढेप होती. तान्ह्या मुलाच्या घरी काय न्यायचं हे त्यांना सुचलं नसावं.

"ऐकू येतं ना तिला?" त्यांनी विचारलं.

"येतं, येतं. म्हणून तर घाबरली," सासू म्हणाली.

"मंग बरं हाय," अण्णा म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर ती सभा झाली. विषय मांडताना गायकवाड साहेबांनी अगदी जपून शब्द वापरले. अण्णांचं शेत बुडता कामा नये आणि बाळालाही त्रास होता कामा नये. मग ते म्हणाले, "मोटारसायकलला सायलेन्सर असतो, जनरेटरला असतो. बंदुकीला असतोच की. सिनेमात बघतो आपण." कुणीतरी लगेच मोबाइलवर परदेशातल्या शिकाऱ्यांची चित्रं काढली. नळीच्या तोंडाला बसवायच्या नळकांड्या, काळ्या, करड्या, आखूड, लांब. मोबाइल हातोहात फिरला. लांब असेल तर आवाज जास्त दबतो पण बंदूक पुढे जड होते, हे एकाने वाचून दाखवलं. छोट्या बोअरच्या नळीला छोटाच पुरतो, असं दुसऱ्याने वाचलं. अॅल्युमिनियमचा की स्टीलचा यावर दहा मिनिटं गेली. स्टील टिकतं, पण अण्णांचं वय बघता हलकं बरं, असं सी विंगच्या देशपांडेबाईंचं म्हणणं पडलं.

अण्णांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ते प्रत्येक बोलणाऱ्याकडे वळून बघत होते. गायकवाड साहेबांनी विचारलं, "अण्णा, तुमचं मत काय?"

अण्णांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. "यो काला बरा दिसतो," ते म्हणाले. "आखूड."

टाळ्या वाजल्या. खरेदीचं काम माझ्यावर आलं.

मी हिशेबाचा माणूस. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणचे भाव घ्यायचे एवढं मला कळतं. त्यामुळे पुढचे काही रविवार अण्णा आणि मी माझ्या स्कूटरवरून फिरलो. परवान्याची झेरॉक्स अण्णांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली होती. बंदूक अर्थात घरी कुलुपात.

पहिल्यांदा अंबरनाथला, बुवापाड्यात. आमच्या कारखान्यात लेथवर असलेला कांबळे तिथे राहतो. बाहेरची छोटी कामंही तो करून देतो. त्याच्या बायकोने पोहे केले. कांबळेने माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग उठून दार लोटलं.

"साहेब, तुम्ही चांगले माणूस आहात म्हणून सांगतो. परत कुणाला असं विचारू नका. बंदुकीच्या कामाला मी हात लावणार नाही. माझी दोन पोरं शाळेत आहेत."

"अहो, परवाना आहे," मी म्हटलं.

"बंदुकीचा असेल. याचा नसणार."

अण्णा पोहे खात होते. ते म्हणाले, "बरोबर बोलतो तो. पोरांचं बघायलाच पायजे." आणि कांबळेच्या धाकट्याला बिबट्याची गोष्ट सांगायला बसले. निघायला दुपार झाली.

मला तेव्हा वाटलं, कांबळे उगाच घाबरतोय. रीतसर दुकानात विचारलं पाहिजे. दुसऱ्या रविवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची ओळीने दुकानं आहेत. नुसतं सायलेन्सर म्हटल्यावर एका पोऱ्याने आमच्यापुढे बुलेटचे पाच प्रकार मांडले. अण्णांनी प्रत्येक हातात घेऊन त्याच्या तोंडातून पलीकडे बघितलं. "ये कौनसी गाडी के लिए चाहिए, काका?" त्याने विचारलं. अण्णा म्हणाले, "गाडी नहीं है. खेत है." पोऱ्या माझ्याकडे बघायला लागला. आम्ही दोघं बाहेर येऊन हसलो. समोरच्या गाडीवर दाल पकवान खाल्लं. अण्णांनी ते आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं आणि डाळीला वालाची सर नाही असं मला सांगितलं, गाडीवाल्याला नाही.

तिसरा रविवार अण्णांनीच काढला. म्हणाले, कल्याणला माझ्या साडूच्या ओळखीचा एक हाय. तो माणूस दोन वर्षांपूर्वीच दुकान विकून गुजरातेत गेला होता. अण्णांना याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. खाडीवरून वारा येत होता. स्कूटरच्या मागे बसून ते मला कुठे कुणाची शेतं होती ते सांगत राहिले. प्रत्येक टॉवरच्या खाली त्यांच्या माहितीचा कुणीतरी होता.

शेवटी उल्हासनगरच्या कॅम्पातलं बंदुकांचं जुनं दुकान. अण्णा काडतुसं तिथूनच घेत. मालक सिंधी, सत्तरीचे, पांढरा लेंगा-सदरा, टेबलावर चहाचा थर्मास. अण्णांना बघून त्यांनी हात जोडले. "आओ साईं, दामू सेठ. कितने चाहिए?"

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. मीच सांगितलं. सोसायटी, बाळ, ठराव, बजेट. कोणता चांगला, ते तुम्हीच सांगा.

शेठजींनी चष्मा काढला. "साईं, ये चीज इंडिया में पब्लिक को मिलती नहीं. दुकानदार रख नहीं सकता, आप लगा नहीं सकते. लगाया तो बंदूक भी जाएगी, लायसन्स भी जाएगा, और दामू सेठ इस उमर में अंदर जाएगा. आपने और किसी से पूछा तो नहीं?"

मी हात खिशावर ठेवला. खिशात ठरावाची प्रत होती, ती दाखवायची राहिली ते बरं झालं.

मग ते अण्णांकडे वळले. "और तू, भाऊ? तू तो समझदार आदमी है. तू मारता क्या है?"

"कुछ नहीं मारता. भगाता है," अण्णा म्हणाले.

"आवाज से भगाता है."

"हां."

"तो आवाज बंद करके कैसे भगाएगा?"

अण्णांनी टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. शेठजी हसायला लागले होते, पण अण्णांचा चेहरा बघून थांबले आणि थर्मास उघडून चहा ओतू लागले.

मला तोपर्यंत हे सुचलं नव्हतं. एकोणीस सभासदांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. स्टील की अॅल्युमिनियम एवढंच सुचलं.

परत येताना वाटेत एका रसवंतीपाशी मी स्कूटर थांबवली. "अण्णा, तुम्हाला हे आधीपासून कळत होतं?"

"कलनार नाय काय? आवाजाशिवाय त्या बंदुकीत हाय काय? नेम तर माझा नाय."

"मग सभेत बोलायचं ना. मी इतके रविवार हिंडवलं तुम्हाला."

त्यांनी ग्लासातला बर्फ हलवला. "सायब, नऊ वरसं झाली जागा देऊन. रोज तिथून जातो. लोक चांगली हायत, राम राम करतात. पन त्या जागेवर बसवून माझं मत कोनी इचारलं नव्हतं. तुमी खुर्ची दिली. चा दिला. बायका बोलल्या, अन्नांना जड नको. सगली माझ्यासाठी एवढी मन लावून बसलेली, तिथं मी काय बोलू? नको?"

रस संपवून म्हणाले, "आनि तुमच्यासंगं फिरायला मिलालं."

सात हजार मी सभासदांना परत केले, सह्या घेतल्या. अण्णांनी स्नेहलच्या सासूला निरोप दिला, बंदूक आता वाजनार नाय, पोर मोठी होऊ द्या. आम्ही सगळ्यांनी त्यांना सांगितलं की दुसरा उपाय करू. वेळ आधी कळवून उडवा, खिडकी बंद ठेवू, असंही स्नेहल स्वतः जाऊन म्हणाली. अण्णा म्हणाले, "डुक्कर वेळ सांगून येत नाय, बाय."

त्या वर्षी देशपांडेबाईंनी घरोघर फिरून जुन्या साड्या गोळा केल्या. साड्यांचं कुंपण घातलं की डुकरं बिचकतात, असं त्यांनी कुठे तरी बघितलं होतं. खांब रोवून आम्ही सगळे शेताभोवती साड्या बांधायला गेलो. माझ्या बायकोची हिरवी, गायकवाडबाईंची लग्नातली जांभळी, स्नेहलच्या डोहाळजेवणातली पिवळी. वरून, गच्चीतून, ते शेत कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवासारखं दिसत होतं. अण्णा खूश होते. हात मागे बांधून कुंपणाच्या कडेने फिरत आणि कोणती साडी कोणाची ते विचारून घेत.

आठवडाभर डुकरं आली नाहीत. मग आली. साड्यांच्या खालून आली.

मी त्या सकाळी गच्चीवर टाकी बघायला गेलो होतो. साड्या जागच्या जागी होत्या आणि आतलं शेत नांगरल्यासारखं पडलं होतं. मधोमध अण्णा उभे होते. हातात पत्र्याचा डबा आणि काठी होती, पण डबा वाजवत नव्हते. त्यांनी वर आमच्या इमारतीकडे बघितलं. बी विंगच्या मागच्या खिडक्या बंद होत्या. मग त्यांनी डबा खाली ठेवला आणि तुटलेले वेल वेचायला वाकले.

मी खाली गेलो. "डबा तरी वाजवायचा होता," मी म्हटलं.

"तो बी मोठा वाजतो," ते म्हणाले.

गोणी त्या वर्षी आली नाही. एक लहान पिशवी आली, ती स्नेहलकडे. बाळंतिणीला वाल वातूळ म्हणून तिच्या सासूने त्या शेंगा ठेवून दिल्या आणि अण्णांना आमटी छान झाली म्हणून सांगितलं. पोपटी झाली नाही. अण्णांचा मोठा मुलगा एकदा मला गेटपाशी भेटला. म्हणाला, "काका, बाबांना तुम्ही समजवा ना. शेतात काय येतंय आता? बिल्डर पाठी लागलाय, भाव चांगला आहे. ते आमचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात." मी म्हटलं, मी यात पडणार नाही. पडावंही लागलं नाही. पुढच्या मोसमात मूल चालायला लागलं होतं, बोलायला लागलं होतं, तरी अण्णांनी बंदूक बाहेर काढली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आता तिला कलतं. आता जास्त घाबरंल." वाल दुसऱ्या वर्षीही गेला. त्यानंतरच्या वैशाखात त्यांनी कागदावर सही केली.

शेत गेल्यावर बंदुकीचंही कारण गेलं. परवाना पिकासाठी होता, आणि नूतनीकरणाला सातबारा लागतो. ती उल्हासनगरला त्याच शेठजींकडे जमा करायला अण्णा मला बरोबर घेऊन गेले. पोलीस ठाण्यात रीतसर कळवून, पिशवीत गुंडाळून. शेठजींनी ती टेबलावर घेतली, नळीतून उजेड बघितला. "साईं, क्या साफ रखी है. नई जैसी." अण्णा म्हणाले, "वापरली नाय ना." लुगड्याचा उरलेला तुकडा त्यांनी पिशवीतून काढून आपल्या खिशात घातला. तेलाची बाटली तिथेच ठेवली.

मग ते बदलापूर पूर्वेला मोठ्या मुलाकडे राहायला गेले. सहावा मजला. मी दोनदा गेलो. गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असत. समोर दुसरी इमारत. सून मनमिळाऊ होती, पुन्हा पुन्हा चहा विचारायची. अण्णांनी मला दोन्ही वेळा एकच विचारलं, "विहिरीकडची लिफ्ट चालते ना?"

इकडे शेतात काम सुरू झालं. खांब ठोकायचं यंत्र सकाळी सातला सुरू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत. भांडी मांडणीवर हलायची. आम्ही पालिकेत अर्ज केला, त्याची पोच आहे माझ्याकडे. स्नेहलची मुलगी त्या आवाजात दुपारी शांत झोपायची.

अण्णांना मी शेवटचं पाहिलं त्यांच्या जाण्याआधीच्या थंडीत, पश्चिमेच्या स्टेशनबाहेर, भाजीवाल्या बसतात त्या ओळीत. पूर्वेकडून पूल ओलांडून एकटेच आले होते. मुलाचेच शूज, पण आता अंगात मुलाचीच पँटही होती. मी हाक मारणार तेवढ्यात ते एका आदिवासी बाईसमोर बसले. तिच्यापुढे वालाच्या शेंगांचा छोटा ढीग होता.

त्यांनी एक शेंग उचलली, नखाने उकलली, दाणा बघितला. "कुठला माल?"

"वर डोंगराकडचा, बाबा. घ्या. ऐंशीचा वाटा."

"डुकरा नाय येत तुमच्याकडं?"

"येत्यात की. पोरं रानात बसत्यात. लई आरडतात, डबं वाजवतात."

"कोन काय बोलत नाय?"

"कोन बोलंल? हाय कोन तिथं?"

अण्णांनी मान हलवली. तिने वाटा कागदात बांधून दिला. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, सदऱ्याच्या आतल्या खिशातून शंभराची नोट काढली आणि तिच्या हातात दिली. ती कमरेचा बटवा उघडून वीस रुपये शोधू लागली, तोवर ते पुलाच्या दिशेने चालू लागले होते. शंभर रुपये त्या बाईला मिळाले.